डाव्या सीटसाठी एसी

"हे नाई जमणार," तेजराव म्हणाले. "पाय कोठी ठेवायचे मंग?"

मी ट्रकच्या केबिनमध्ये गुडघे मोडून बसलो होतो आणि ब्लोअरचा जड खोका डॅशबोर्डाखाली, डाव्या बाजूला, दोन्ही हातांनी उचलून धरला होता. घाम डोळ्यांत उतरत होता. एप्रिल संपत आला होता. चिखलीच्या बाहेर, खामगाव रस्त्यावर माझं शेड होतं, आणि सकाळी दहालाच त्याचा पत्रा कडकड वाजायला लागला होता.

"कोणाचे पाय?" मी विचारलं. "तुम्ही तर एकटेच गाडी चालवता म्हणे."

"कोणाचे का असंनात. बसणाऱ्याले पाय लांबवता आले पायजेत. पाय सुजतात."

मी खोका खाली ठेवला. तेजराव वायाळ म्हणजे सत्तरीला टेकलेला, काटक, पांढऱ्या टोपीचा माणूस. त्यांचा ट्रक सन सत्तरचा. अर्ध्या नाकाचा, म्हणजे इंजिन अर्धं पुढे बाहेर आणि अर्धं केबिनच्या आत, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. अशा गाड्या तोवर भंगारात गेल्या होत्या. ही मात्र हिरवीगार, घासूनपुसून ठेवलेली. भाडं नाही, धंदा नाही. वर्षातून एखादी फेरी. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला दुसरं काम नाही.

मला त्याचं काही वाईट वाटलं नव्हतं. मी डॉक्टर आणि वकिलांच्या गाड्यांना एसी बसवणारा माणूस. अशा जुन्या ट्रकला एसी बसवला तर ती गाडी रस्त्यानं जाताना लोक विचारतील, कोणी बसवला, आणि नाव निघेल भास्कर मिस्तरीचं. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो आणि माझ्या हातावर माझा फार विश्वास होता.

"मग टपावरचा घ्या," मी म्हणालो आणि पुण्याहून आणलेल्या छापील पत्रकातलं चित्र दाखवलं. "पाय मोकळे राहतात. टपाला चौकोनी भोक पाडायचं, सगळं यंत्र वर. गार हवा सरळ खाली येते."

"डोक्यावर?"

"हो. मस्त गार."

"डोक्यावर नको. उन्हातून येऊन एकदम गार डोक्यावर पडलं तं चक्कर येते. अशा टायमाले तं नकोच."

'अशा टायमाले' म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं नाही. तिसरा प्रकार होता सीटच्या मागे बसवायचा. पण त्याला सीट वीतभर पुढे सरकवावी लागते. तेजरावांनी वीत मोजली, डाव्या सीटसमोर आपलाच हात आडवा धरला आणि कितीतरी वेळ त्या जागेकडे बघत राहिले.

"पोटाले लागंल," ते म्हणाले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. सुजलेले पाय, पोट, अशा टायमाले. मी हसत म्हणालो, "नात येणार वाटतं बाळंतपणाला?"

ते माझ्याकडे बघून थोडं हसले. "आखाजीले आणायची हाय. सातवा महिना हाय. पयलं बाळंतपण माहेरी करा लागते ना."

त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, मे महिन्यात होती. आमच्याकडे सासुरवाशिणी त्या सणाला माहेरी येतात, झोके घेतात, सांजोऱ्या खातात. सातव्या महिन्यातली पोर ट्रकमधून कशाला आणायची, कार भाड्यानं घेऊन का नाही, असं मला वाटलं होतं. पण म्हाताऱ्याचा जीव त्या गाडीवर, आणि गिऱ्हाईक माझं. मी कशाला बोलतोय!

शेवटी मीच तोड काढली. डॅशबोर्डाखालचाच प्रकार घ्यायचा, पण खोका ड्रायव्हरच्या बाजूला सरकवायचा. त्यांचे पाय अवघडले तर अवघडले. तिथून जाड पाइप ओढून हवेची जाळी डाव्या सीटकडे तोंड करून बसवायची. तेजरावांना हे एकदम पटलं. स्वतःला हवेचा एक झोतही नको म्हणाले.

"अन् एक सांगतो, मिस्तरी. घाटात बंद नाई झाला पायजे."

"कोणत्या घाटात?"

"राजूरच्या."

मलकापूरकडून बुलढाण्याला वर येताना राजूरचा घाट लागतो. लांब नाही, पण भरलेली जुनी गाडी तिथे पहिल्या गिअरला कण्हत चढते. मी त्यांना समजावून सांगितलं. एसी इंजिनच्याच जोरावर चालतो. शिवाय त्याची गरम जाळी रेडिएटरच्या पुढे बसते, म्हणजे इंजिनला लागणारा वाराही तापलेला. म्हणून पाण्याच्या पाइपावर एक बारका स्विच लावतात. इंजिन फार तापलं की तो एसी बंद करतो, निवलं की परत चालू करतो.

"तो स्विच नाई लावायचा."

"काका, इंजिन जळेल."

"जळू द्या."

मला हसू आलं. ज्या माणसानं अडतीस वर्षं आपलं इंजिन दुसऱ्याच्या हाताला लागू दिलं नाही, जो तेल स्वतः गाळून ओततो, तो म्हणतोय जळू द्या. त्यांनी माझा हात धरला. हात खरखरीत होता.

"शब्द द्या."

"बरं बाबा. नाही लावत."

आणि मी तो लावला. आज इतक्या वर्षांनी लपवण्यात काही अर्थ नाही. कंप्रेसरचा आधार लेथवर घडवून आणला, पट्टा चढवला, गॅस भरला, आणि सगळ्यात शेवटी तो अंगठ्याएवढा स्विच पाइपाच्या मागच्या अंगाला, काळ्या चिकटपट्टीखाली दडवून टाकला. त्याच्या दोन तारा डॅशबोर्डाखालून नेल्या आणि तिथल्या जोडावरही तीच पट्टी गुंडाळली. घाटात उभी राहिलेली गाडी म्हणजे मिस्तरीची अब्रू गेली, हे मला औरंगाबादच्या उस्तादांनी शिकवलं होतं. दोन मिनिटं एसी बंद पडला तर म्हाताऱ्याला कळणारही नाही, इंजिन मात्र वाचेल. मला त्यात काही खोटं वाटलंच नाही. उलट आपण त्यांच्या भल्याचंच करतोय अशी माझी पक्की समजूत होती.

आखाजीच्या दोन दिवस आधी मी त्यांच्या घरी गेलो. इंजिनच्या झाकणावर टाकायला जाड गोधडी हवी होती, नाहीतर तिथून केबिन तापतं. तेजराव डिझेल भरायला गेले होते. त्यांच्या बायको, द्वारकाबाई, ओसरीवर सांजोऱ्या लाटत बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो.

"नातीची तयारी जोरात दिसते. सातवा महिना ना?"

त्यांचं लाटणं थांबलं.

"कोणी सांगतलं तुमाले?"

"काकांनीच. आखाजीला आणायची आहे म्हणाले."

त्यांनी हाताचं पीठ पदराला पुसलं. "आमाले नात नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "एकच पोरगी व्हती. विमल. पंचवीस वर्षं झाली तिले जाऊन."

माझ्या हातात तांब्या तसाच राहिला.

त्यांनी सगळं सांगितलं, पण अगदी थोडक्यात, जसं पुष्कळदा सांगून झालेलं माणूस सांगतं तसं. मलकापूरकडच्या एका खेड्यात विमलला दिली होती. वीस वर्षांची. सातव्या महिन्यात आखाजी आली. तेजराव मलकापूरला मिठाची पोती भरायला गेले होते, येताना तिला गाडीत बसवून निघाले. ऊन मरणाचं. राजूर घाट चढून बुलढाण्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत पोर गेली होती आणि पोटातलंही गेलं होतं.

"ऊन लागलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "दरसाल आखाजीच्या आदल्या दिवशी जातात तिले आणाले. दारात गाडी उभी करतात अन् डावं दार उघडून उभे राहतात. मले म्हणतात, घाटापर्यंत चांगली बोलत येते. घाटात गरमीनं तिचा जीव घाबरा होते. मंग वर आल्यावर बोलत नाई अन् दारात आल्यावर उतरत नाई. तशीच बसेल राहते, सण सरेपर्यंत. यंदा म्हणले, घाटात गार ठेवली तं उतरंल."

"तुम्हाला दिसते ती?"

"नाई." त्यांनी परत लाटणं उचललं. "पण मी भाकरतुकडा घेऊन दारात उभी राहते. न जाणो."

मी उठलो, गोधडी घेतली. फाटकापाशी त्यांनी मला हाक मारली. "यंदा तुमी जा त्याईच्या संगं. वय झालं. घाटात काई झालं तं एकटे राहतील."

मी हो म्हणालो. रस्ताभर तो स्विच माझ्या डोक्यात होता. काढून टाकू का, असं शेडपर्यंत तीनदा वाटलं. पण मिस्तरीचं डोकं वाईट. ते म्हणालं, आता तर जास्तच गरज आहे. दुःखानं भ्रमलेला माणूस, तो काट्याकडे बघणार नाही, इंजिन जाळेल आणि भर दुपारी घाटात अडकेल. मी स्विच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. डाव्या सीटवर मी बसायला गेलो तर तेजरावांनी नुसता हात आडवा केला. मग मी मधल्या झाकणावर, गोधडीच्या घडीवर बसलो. मलकापूरला त्यांनी मिठाची पोती भरून घेतली. गाडी रिकामी का नको, असं मी विचारलं तर म्हणाले, "तवा भरेल व्हती."

दुपारी बाराला आम्ही त्या खेड्यात पोचलो. घराला कुलूप होतं. सासरची माणसं कधीच सुरतेला गेली होती. तेजराव खाली उतरले, वळसा घालून आले, डावं दार उघडलं आणि बाजूला झाले.

"ये बाई. हळू. पयले हा पाय ठेव."

डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई रस्त्यानं चालली होती. ती थांबली, तिनं पदर पुढे ओढला आणि खाली बघत उभी राहिली. तिला काही नवल वाटलेलं दिसलं नाही. तेजरावांनी दार दोन्ही हातांनी, आवाज न करता लावलं. मी झाकणावर थोडा उजवीकडे सरकलो. का सरकलो ते मला सांगता येणार नाही.

एसी सुरेख चालला होता. बाहेर आगीचा पाऊस आणि आत थंडगार.

"मिस्तरी, जाळी थोडी खाली करा. तोंडावर नको."

मी जाळी खाली केली.

मग ते बोलायला लागले. माझ्याशी नाही. "ते पाय, तुह्या आत्याचं गाव. आता डांबरी झाली सडक." मध्येच थांबायचे, मान हलवायचे. "नाई वं, ती कवाच वारली. तुले कोणं सांगतलं?" परत थांबायचे. एकदा तर खळखळून हसले. मला हसू येत नव्हतं. मला सरळसरळ भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त, आपण तिथे बसायला नको होतं असं वाटत होतं. बाप-लेकीच्या मध्ये कुणी परक्यानं कशाला बसावं!

मोताळा मागे पडलं तेव्हा मी पहिल्यांदा डाव्या खिडकीकडे नीट पाहिलं. काच बंद होती. काचेवर, बसलेल्या बाईचं तोंड येईल त्या उंचीला, तळहाताएवढी वाफ धरली होती. वाफ जरा विरायची आणि परत दाट व्हायची. एसीच्या गाडीत काचेवर वाफ धरलीच तर बाहेरून धरते, हे मी हजार वेळा पाहिलेलं. ही आतून होती. मी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"गार वाटते म्हणे," तेजराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "म्हणते, बाबा, यंदा बरं वाटते."

घाट लागला. गाडी दुसऱ्यावरून पहिल्या गिअरला आली. दोन्ही बाजूंना सागाची निष्पर्ण झाडं, रस्त्यावर दुसरी गाडी नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. माझा डोळा पाण्याच्या काट्यावर होता. काटा चढत होता. मी मनातल्या मनात त्याला खाली ढकलत होतो.

तिसऱ्या वळणावर टक् असा बारीक आवाज झाला. कंप्रेसर सुटला. ब्लोअर चालूच राहिला, पण जाळीतून येणारी हवा कोमट झाली, आणि मग गरम.

"मिस्तरी."

"येईल परत," मी म्हणालो. "दोन मिनिटं."

"काय झालं?"

"काही नाही. जरा तापलंय. आता वर चढलो की येईल."

तेजरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर. केबिन भराभर तापत होतं. गोधडीतून झाकणाचा चटका मला लागायला लागला होता.

"तवा मी बी असंच म्हणलं," ते म्हणाले. "ती म्हणे, बाबा, किती राह्यलं? मी म्हणलं, आलंच. वर चढलं की वारा लागंल."

मी जाळीसमोर हात धरला. हवा गरमच होती.

"याच वळणावर इंजिन उकळलं व्हतं. मागं मीठ भरेल. उभी केली तं चढत नाई, मागं घसरते. अशा टायमाले डायवर लोक काय करतात, तुमाले माईत हाय?"

मला माहीत होतं. अशा गाड्यांवर हात मारलेल्या प्रत्येकाला ते माहीत असतं. केबिनमधलं इंजिनचं झाकण उघडायचं. इंजिनची कोंडलेली सगळी आग आत येते, इंजिनला श्वास मिळतो, काटा खाली येतो. ड्रायव्हर डोकं खिडकीबाहेर काढून तेवढी दोन-चार वळणं भागवतो. क्लीनरही तसंच करतो. सगळेच करतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

"मी झाकण उघडलं," तेजराव म्हणाले. "तुमी बसले ना, तेच. सगळी वाफ तिच्या अंगावर. ती मान टाकून बसेल व्हती. मले वाटलं झोपली. मी काटा पाहून राह्यलो व्हतो. काटा खाली आला तं मले बरं वाटलं, मिस्तरी. बरं वाटलं मले! तिची माय म्हणते उन्हानं गेली. मी सांगतलं नाई तिले. पंचवीस वर्षं झाली, सांगतलं नाई."

मी डावीकडे पाहिलं. काचेवरची वाफ कडेनं आत सरकत बारीक होत चालली होती. रुपयाएवढी राहिली. मी बोललो.

"काका, तो स्विच आहे. मी लावलाय."

गाडी तशीच कण्हत होती. त्यांनी मला शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मंग तुमी बी इंजिनच वाचवलं," ते म्हणाले.

मी झाकणावरून खाली घसरलो आणि डॅशबोर्डाखाली घुसलो. चिकटपट्टी निघेना. दातांनी तोडली. दोन तारा ओढल्या, एकमेकींना पिळून चिमटीत धरल्या. टक् आवाज झाला. कंप्रेसर धरला आणि जाळीतून गार हवा आली. मी तिथूनच मान वर करून बघितलं. काच स्वच्छ होती. तिच्यातून सागाची झाडं लख्ख दिसत होती.

तारा मी सोडल्या नाहीत. तसाच उकिडवा, तापलेल्या पत्र्याला टेकून, त्या धरून बसलो. काटा लाल पट्टीत गेला, तिथे थरथरत राहिला, आणि गाडी चढली. कुठे उकळली नाही, थांबली नाही. अडतीस वर्षांचं ते इंजिन एसी चालू ठेवून घाट सरळ चढून वर आलं. माझ्या स्विचची त्याला गरजच नव्हती.

वर सपाटीला आल्यावर तेजरावांनी गाडी कडेला घेतली. उतरले. पुढून वळसा घालून आले आणि डावं दार उघडलं. हात पुढे करून उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. बऱ्याच वेळानं त्यांनी वाकून आत, सीटच्या खाली पाय ठेवायच्या जागेत पाहिलं. मग हात खाली केला.

"उतरून गेली," ते म्हणाले.

"कुठं?"

"घाटातच. तुमी तारा जोडाच्या आधी." त्यांनी मागे, उतरत्या रस्त्याकडे पाहिलं. "दरसाल निदान गाडीत तं राहे."

मी म्हणालो, परत खाली जाऊ, गाडी वळवू, मी स्विच उपटून फेकतो. त्यांनी मान हलवली. त्यांना माझा राग आला नव्हता. मला वाटतं, त्यांना माझ्यात कुणीतरी ओळखीचं दिसलं होतं आणि त्या माणसाला ते पंचवीस वर्षं रागावून थकले होते.

"बसा तिकडं नीट," ते म्हणाले. "झाकण तापलं असंल. ती जागा रिकामीच हाय आता."

मी डाव्या सीटवर बसलो. चिखलीपर्यंत जाळीतली गार हवा माझ्या पायांवर येत राहिली.

दारात द्वारकाबाई उभ्या होत्या. नवं लुगडं, हातात ताट, ताटात भाकरीचा तुकडा आणि तांब्यात पाणी. गाडी थांबली. तेजराव उतरले नाहीत. पुढचा रस्ता बघत बसून राहिले. मग मलाच डावं दार उघडावं लागलं. दार हललेलं दिसताच द्वारकाबाईंचा हात ओवाळायला वर गेला. त्या दारातून मी उतरलो.

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. हात कितीतरी वेळ तसाच वर राहिला. मग त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि ताट उंबऱ्यावर ठेवलं.

"पाय धुवा, भाऊ," त्या म्हणाल्या. "उन्हातून आले."

तेजरावांनी परत गाडी बाहेर काढली नाही. तिसऱ्या वर्षी ते गेले. तोवर गावात कुणी विचारलं तर सांगायचे, भास्कर मिस्तरीनं एसी बेस बसवला, घाटातही चालतो. लोक येऊन मला ते कौतुकानं सांगायचे. मला त्यांच्यासमोर उभं राहवत नसे.

आता मी आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी माझी गाडी काढतो. बायकोला सांगतो मलकापूरला काम आहे. येताना राजूर घाटात तिसऱ्या वळणाच्या पुढे कडेला जागा आहे, तिथे थांबतो. एसी पूर्ण सोडतो, उतरून डावं दार उघडतो आणि बाजूला उन्हात उभा राहतो. "ताई, चला," म्हणतो. पहिल्या वर्षी स्वतःचीच लाज वाटली होती. आता वाटत नाही. एक-दोन ट्रकवाले हॉर्न देऊन जातात.

दार उघडं ठेवलं की सगळा गारवा बाहेर जातो, हे मला तरी कुणी सांगायला नको. पण बंद दारातून ती कशी बसेल? म्हणून मी दार उघडंच ठेवतो आणि अर्धा तास थांबतो. मग आत हात घालून सीट चाचपून बघतो, दार लावतो आणि एकटाच वर येतो.